चन्नाप्पाची मूठ

"हे तुझं न्हवं, गंगव्वा."

प्रभुलिंग स्वामी इतक्या हळू बोलले, की ते स्वतःशीच काही पुटपुटले असं तिला वाटलं. शाहूपुरीतल्या तिच्या एका खोलीच्या घरात ते पाटावर बसले होते. पुढ्यात बेलाची पानं, विभूतीची वडी, कोमट पाण्याची वाटी. आणि त्यांच्या डाव्या तळहातावर गंगव्वाचं इष्टलिंग. जांभळाएवढा काळा गोळा. पुराच्या आठवड्यात त्याच्यावरचा लेप भुसभुशीत होऊन सुटायला लागला होता. पाणी ओसरून एसटी सुरू झाल्याबरोबर तिनं निरोप धाडून स्वामींना कुरुंदवाडहून बोलावून घेतलं. लेप नवा करून द्यायचा, एवढंच काम होतं.

"म्हंजे? मला न्हाई कळलं, अय्या."

"तुझी दीक्षा माझ्या वडलांनी केलीया. तू पाळण्यात हुतीस. वडील लेपाच्या आत पांढरा स्फटिक घालायचे. त्यांच्या हातचं लिंग दुसऱ्या तऱ्हेचं मी कधी बघितलं न्हाई. आणि हे बघ."

त्यांनी हात समईजवळ नेला. लेपाला गेलेल्या चिरेतून आतला दगड दिसत होता. तो काळा होता.

"दगडाचा रंग बदलत आसंल," गंगव्वा म्हणाली.

"न्हाई बदलत, बाळ."

लिंगायताच्या घरात मूल जन्मलं की गुरू त्याच्या गळ्यात डबीत घातलेलं इष्टलिंग बांधतो. ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, न्हाऊ घालायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा आणि डोळ्यांसमोर धरून बघत बसायचं. माणूस गेलं की त्याला मांडी घालून बसवून पुरतात आणि त्याचं लिंग त्याच डाव्या हातात देतात. एकाचं लिंग दुसऱ्याला चालत नाही. नवऱ्याचं बायकोला नाही, आईचं लेकीला नाही. आणि ज्याचं लिंग गेलं ते माणूसही गेलंच, असं जुनी माणसं म्हणत. त्यांच्या काळात अशी माणसं अन्नपाणी सोडून बसत.

स्वामींनी लिंग कपड्यात गुंडाळलं. 

"ह्या घरात आणखी कुणाचं लिंग असल्याच डबीत हुतं?"

"ह्यांचं. दोघांच्या चांदीच्या डब्या सारख्या हुत्या. लग्नात माझ्या वडलांनी एकाच सोनाराकडनं करून घेतल्याल्या."

"ते आता कुठं हाय?"

"त्यांच्याजवळ की. मातीत."  समईतली वात तिनं विनाकारण पुढं सारली. मग तिनं स्वामींकडं न बघताच विचारलं, "अय्या, हे जर त्यांचं आसंल, तर त्यांच्या हातात काय हाय?"



*

गंगव्वा विठाबाईच्या खानावळीत भाकरी करायची. नवरा गेल्यापासून तिची सगळी वर्षं त्या चुलीपुढं गेली होती. पहाटे अंघोळ, पूजा, मग परातीत पीठ. जोंधळ्याची भाकरी ती परातीत थापायचीच नाही. दोन्ही हातांवर, हवेत, टाळ्या वाजवल्यासारखी करायची. गिऱ्हाईक आत येण्याआधी तो आवाज रस्त्यावर जायचा. "आत गंगव्वा हाय न्हवं?" असं विचारून लोक बूट काढत. ती कुणाशी फारसं बोलत नसे. सोमवार धरायची, संध्याकाळी विभूती लावून जप करायची, आणि कुणी रागावून बोललं तर "व्हय की" म्हणून बाजूला व्हायची.

पण नवरा गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिच्या पूजेत काहीतरी बिघडलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

पूर्वी लिंगाकडं टक लावून बसलं, की थोड्या वेळानं डोळ्यांपुढं उजेड यायचा. दुधावर साय धरावी तसा हळूहळू. नवरा गेल्यावर उजेड यायचा थांबला. त्याच्या जागी अंधार यायला लागला. दिवा मालवल्यावर होतो तसा अंधार तो नव्हता. चारी बाजूंनी दाबून बसलेला, जड. नाकाला ओल्या मातीचा वास यायचा. आणि समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, कुणीतरी मांडी घालून बसलंय असं वाटायचं. ती डोळे मिटत नसे. पूजा पुरी करायची, बेल उचलायची, लिंग डबीत घालायची. नवं नवं वैधव्य आहे, असं होत असेल, असं तिनं मनाला सांगितलं. वर्षं गेली तरी समोर ते कुणीतरी बसलेलंच होतं. मग तिनं मनाला सांगायचंही सोडलं.

लिंग हातात जड लागतं, हेही तिला पहिल्याच दिवशी जाणवलं होतं. दुःखानं हात हलके राहत नाहीत, असं तेव्हा ती समजली.

आणि मग दोन हजार पाचचा तो पूर आला. पंचगंगा रस्त्यावर आली, गावं तुटली, दूध बंद झालं. खानावळीत अडकलेल्या माणसांची गर्दी. त्या गर्दीत गंगव्वाची भाकरी मोडायला लागली.

"मावशी, आज भाकरी तुकड्यानं हाय की!" एका ट्रकवाल्यानं आतनं हाक दिली.

"तोंडात गेल्यावर तुकडंच हुत्यात, पावणं. जेवा गप." विठाबाईनं त्याला गल्ल्यावरूनच गप्प केलं, आणि चुलीजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "काय गं बया, भाकरी करतीस का कौलं फोडतीस? हे कितवं पीठ?"

"हात वला हुतोय, विठाबाई."

"मग पूस की."

"पुसतोय. पुन्हा हुतोय."

विठाबाईनं तिचा डावा हात ओढून उजेडात धरला. तळहात ओला होता. घाम म्हणावा तर गार होता, आणि रेषांमधून बारीक गाळ बसल्यासारखा करडा. विठाबाईनं त्याला नाक लावलं आणि हात टाकून दिला.

"नदीचा वास येतोय गं," ती म्हणाली. तिचा नेहमीचा मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "नदीला गेलतीस?"

"कधी जाऊ? पहाटेपासनं हितं हाय."

पाणी होतं तोवर तो हात ओला राहिला. पाणी ओसरलं तसा वाळला. पण लिंगाचा लेप सुटला होता तो सुटलाच.

*

गंगव्वाचा नवरा चन्नाप्पा गुळाच्या अड्ड्यात तोलाईदार होता. उंच, हाडाचा, कमी बोलणारा. त्याला हसवायचं काम एकट्या शांभवीला जमायचं. ती त्यांची एकुलती मुलगी. संध्याकाळी तो आला की ती त्याच्या धोतराला चिकटलेला गूळ खरवडून खायची, आणि तो तिला खोटं खोटं रागवायचा.

श्रावणातल्या एका सोमवारी पोरीला ताप होता. रात्रभर उतरला नव्हता. सकाळी गंगव्वा उपाशीपोटी महादेवाला अभिषेक घालायला गेली, पोरीसाठीच. रांग मोठी होती. ती हलली नाही. मध्येच उठून गेलं तर मागणं अपुरं राहतं, असं तिच्या आईनं शिकवलं होतं. तीर्थाचा तांब्या घेऊन ती घरी आली तेव्हा उंबऱ्यात माणसं उभी होती.

चन्नाप्पा गार पडलेल्या पोरीला मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं मान वर केली आणि तिला म्हणाला, "तुझा देव जेवला का पोटभर?"

त्यानंतर तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

घरात त्याची थोरली बहीण आक्का होती, बालविधवा. सगळं बोलणं तिच्यातून चाले. "आक्का, भाकरी वाढायला सांग." "आक्का, मी गावाला जाणार हाय म्हणून सांग." गंगव्वा तिथंच हातभर अंतरावर असायची. तिला सगळं ऐकू यायचं आणि आक्काला पुन्हा सांगावंही लागायचं नाही. चन्नाप्पानं पूजाही सोडली. लिंगाची डबी गळ्यात राहिली, पण त्यानं ती उघडली नाही. गंगव्वा मात्र रोज पहाटे बसायची, त्याच्याच अंथरुणाच्या पायथ्याशी. तो भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. झोपलेला नसायचा.

अशी वर्षं गेली. मग एक दिवस अड्ड्यातच त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ गेली, तोंड वाकडं झालं. थोडे दिवस तो अंथरुणावर होता आणि मग गेला. गावी, कुरुंदवाडच्या पलीकडं कृष्णेकाठी, लिंगायतांच्या रुद्रभूमीत त्याला शांभवीच्या शेजारी बसवला. त्यानंतर आक्काही गावीच राहिली.

*

दुसऱ्या दिवशी गंगव्वा स्वामींबरोबरच एसटीत बसली. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस आडवा पडला होता, आणि झाडांच्या शेंड्यांवर कडब्याच्या पेंढ्या अडकल्या होत्या. स्वामी म्हणाले, "मी तुला नवं लिंग देतो. दीक्षा पुन्हा करता येती. आता पूर्वीसारखं न्हाई कुणी धरत."

"आधी माझं कुठं हाय ते बघू द्या, अय्या."

आक्का अंगणात चिखलानं माखलेली भांडी घासत होती. गंगव्वाला बघून ती उठली. "आलीस? निरोप बरा लौकर पोचला."

"कसला निरोप?"

"मग कशी आलीस?" आक्कानं तिच्याकडं आणि मग स्वामींकडं बघितलं. "रुद्रभूमीची कड ढासळली की. नदीनं खाल्ली. जी माणसं कडंला हायत त्यांना उद्या वरच्या माळावर हलवायचं ठरलंय. चन्नाप्पा त्यातच हाय. म्हणून निरोप धाडला."

गंगव्वानं गळ्यातली डबी काढून आक्काच्या समोर धरली.  आक्का डबीकडं बघत राहिली, आणि मग हळूच खाली बसली. तिच्या हातातली राख अंगणात सांडली.

"मला वाटलं हुतं मी मरंस्तवर न्हाई कळायचं तुला," ती म्हणाली.

"काय झालतं आक्का?"

"काय व्हायचंय. तू किती दिवस झोपली न्हवतीस. त्या दिवशी दुपारी त्याच्या खाटंला डोकं टेकून बसल्या जागीच झोपलीस. मी पाणी घेऊन आत आलो तर ह्याचा डावा हात हलत हुता. तेवढाच हलायचा. तुझ्या गळ्याकडं गेला. मला वाटलं, माशी हाकलतोय. तर त्यानं तुझा दोरा धरला. वढला. तुटला. डबी मुठीत घेऊन त्यानं हात छातीवर ठेवला, आणि माझ्याकडं बघितलं. मग थोड्या वेळानं गेला."

"मी जागी न्हाई झालो?"

"न्हाई झालीस."

गंगव्वाचा हात आपोआप मानेकडं गेला. ती झोप तिला आठवत होती. त्या झोपेत मानेवरून कुणाचा तरी हात फिरला होता. आपली आई आली आहे, असं तिला वाटलं होतं.

"मूठ उघडंना," आक्का सांगत होती. "मी बोट न बोट वढलं. म्हटलं, ही उठली आणि गळा रिकामा बघितला तर काय करंल? एक तर नवरा गेला, त्यात लिंग गेलं. मग त्याच्या गळ्यातलं काढलं आणि तुझ्याच तुटक्या दोऱ्याला गाठ मारून तुझ्या गळ्यात घातलं. डब्या सारख्याच. हितं आणल्यावर गावचे अय्या मूठ बघून म्हणाले, लिंगच हाय न्हवं हातात, राहू दे तसंच."

"मला सांगायचं न्हाईस?"

"काय सांगू? जाताना नवरा तुझा देव हिसकावून घेऊन गेला, असं सांगू?"

 स्वामी अंगणाच्या कडेला उभे राहून नदीकडं बघत होते.

"आक्का," गंगव्वा म्हणाली, "रागानं घेतलं का गं त्यांनी? मला देवाबिगर सोडायचं म्हणून?"

"मला काय ठावं? त्याचं तोंड वाकडं झालतं. हसला तरी तसंच, रडला तरी तसंच." आक्कानं डोळे पुसले, आणि मग तिचा आवाज एकाएकी कडक झाला. "आणि तूबी मला आता इचारतीस व्हय? तो बोलत न्हवता, खरं हाय. तू तरी कुठं बोललीस? कधी एकदा म्हणालीस का, आवं, हिकडं बघा, माझीबी पोरगीच गेली म्हणून? तुम्ही दोघं माझ्या तोंडानं बोलत हुता. मी काय टेलिफोन हुतो? तू देवासंगं बोलायचीस, आणि तो पडल्या पडल्या ऐकायचा."

गंगव्वानं त्यावर "व्हय की" म्हटलं नाही. ती अंगणातल्या भांड्यांकडं गेली, आक्काच्या जागी बसली आणि उरलेली भांडी घासायला लागली.

*

सकाळी ऊन कडक पडलं होतं. पुरानंतरचं ऊन, डोळ्यांत घुसणारं. रुद्रभूमीत गाळाचा थर वाळून त्याला भेगा गेल्या होत्या. गावातली दहापंधरा माणसं होती. ट्रॅक्टर बाहेर उभा होता आणि त्याच्या ट्रॉलीत पांढऱ्या कापडाची नवी गाठोडी ठेवलेली होती. आतापर्यंत काढलेली माणसं.

गंगव्वा चन्नाप्पाच्या जागेजवळ आली आणि तिचे पाय थांबले. शेजारी शांभवीची जागा होती. म्हणजे असायची. आता तिथून खाली सरळ कडा तुटला होता. जिथं पोरीचा दगड होता तिथं नुसती हवा होती, आणि खाली दूर लाल पाणी गोल गोल फिरत होतं.

खणणारा केरबा तिच्याकडं बघून वाकला. "वैनी, तुमची पोरगी... आमी यायच्या आधीच. पयल्याच रातीला गेलं आसंल ते. आमास्नी न्हाई सापडलं."

"आसू दे," ती म्हणाली. 

"मालकास्नी बघा मात्र. दोन हातांवर कड हुती. न्हाईत गेलं. आज काढलं न्हाई तर उद्या गेलंच म्हणून समजा."

केरबा बोलता बोलता खणत होता. हा माणूस कायम बोलायचा. मढ्यांच्यात गप्प राहिलं की मढी बोलायला लागतात, असं त्याचं म्हणणं. पण माती ओली लागल्यावर तोही गप्प झाला. कुदळ टाकून त्यानं खुरपं घेतलं, मग खुरपं टाकून हात. खड्ड्याच्या भिंतीत कोरलेला कोनाडा दिसायला लागला. त्यात चन्नाप्पाला बसवला होता. पाणी आत शिरून गेलं होतं आणि जाताना त्यानं सगळं गाळानं भरून टाकलं होतं. गाळ वाळून मातीच्या भांड्यासारखा घट्ट झाला होता. त्या गाळानं त्याला बसलेलाच ठेवला होता. मान पुढं झुकलेली, मांडी घातलेली.

त्या रिकाम्या चेहऱ्यासमोर गंगव्वा काठावर उभी राहिली, आणि तिला काही नवं दिसत नाही असं वाटलं. रोज पहाटे गुडघ्याला गुडघा लावून हाच तर बसलेला असायचा.

"वैनी, हात बघा," केरबा म्हणाला.

डावा हात छातीशी होता. बोटांची हाडं गाळात रुतून मिटलेली होती, आणि त्यांच्यामधून काळी पडलेली चांदी दिसत होती.

प्रभुलिंग स्वामी काठावर आले. "गंगव्वा, तेच हाय. घे. तुझं तू घे, आणि त्याचं त्याच्यापाशी ठेव. ह्याच्यापुढं घोळ नको."

"काढू व्हय?" केरबानं खुरप्याचं टोक मुठीजवळ नेलं. "गाळ फोडला की निघंल. बोटं सुटतील तेवढी."

"थांब केरबा."

बायका कधी खड्ड्यात उतरत नाहीत. गंगव्वानं पदर खोचला आणि उतरली. वरून आक्कानं "अगं" म्हटलं. खाली गार होतं. तोच वास होता. इतक्या वर्षांच्या सगळ्या पहाटे ज्या वासात गेल्या तो. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. आता खरोखरच गुडघ्याला गुडघा लागला.

तिनं हात पुढं केला आणि मुठीवर ठेवला. ओढली नाही. तिला त्या मुठीचा राग कळतो का ते बघायचं होतं, पण हाडांना राग नसतो आणि मायाही नसते. मूठ म्हणजे मूठ होती. त्यानं डबी तिच्या गळ्यातून तोडून घेतली होती, आणि छातीशी धरून इथवर आणली होती. नदी अंगावरून गेली तरी सोडली नव्हती. एवढंच खरं होतं. बाकीचं त्याचं त्यालाच ठाऊक. आणि त्यानं टाकून दिलेला, भिंतीकडं तोंड करून विसरलेला देव तिच्या गळ्यात होता. त्याला ती इतकी वर्षं न्हाऊ घालत होती, कुणाचा ते न कळता.

 वर कुणीतरी खोकलं.

गंगव्वानं घसा साफ केला. तिचा आवाज सवयीनं बारीक होता, पण काठावरच्या सगळ्यांना ऐकू गेला.

"आवं," ती म्हणाली. "उठा आता. पाणी आलंय. पोरगी पुढं गेली बघा. चला."

आक्कानं काठावरच पदर तोंडात कोंबला.

गंगव्वा उठली आणि केरबाला म्हणाली, "मूठ फोडू नको. गाळासकट काढ. हळू."

"आणि तुझं?" स्वामींनी विचारलं. "तुझं काय, बाळ? मरताना तुझ्या हातात काय देणार?"

तिनं गळ्यातली डबी चाचपली. "ह्यालाच लेप लावून द्या, अय्या. काळा दगड हाय म्हणून काय झालं? माझ्या हाताला आता हेच वजन कळतंय."

 स्वामींनी होकाराची मान हलवली.

केरबानं आणि आणखी एकानं चन्नाप्पाला पांढऱ्या कापडात घेतलं. मूठ वर राहील असं गाठोडं बांधलं. वरच्या माळाची वाट खड्ड्याखड्ड्यांची होती, चाकांनी चिखल उकरून वाळलेली. गंगव्वा ट्रॉलीत चढली. बाकीची गाठोडी पत्र्यावर ओळीनं ठेवली होती. तिनं चन्नाप्पाचं गाठोडं मांडीवर घेतलं आणि पाठ टेकली. ट्रॅक्टर सुरू झाल्यावर हादरे बसायला लागले, तेव्हा केरबा मागं वळून ओरडला, "वैनी, खाली ठेवा की! वर माळापत्तूर मांडी मोडंल तुमची."

"न्हाई," गंगव्वा म्हणाली. उन्हाकडं बघून तिनं पदराचा शेव गाठोड्यावर ओढला. "ह्यांना हादरं सोसत न्हाईत."